पहिला ड्रोन घेण्यापूर्वी

फेस्ताच्या दिवशी मोठी मिस्सा आटोपते, संताची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक चर्चच्या पायऱ्या उतरू लागते आणि तोच डोक्यावर मधमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखा गुणगुणाट ऐकू येतो. प्रार्थनेसाठी जोडलेले हात तसेच राहतात. डोळे मात्र वर जातात. माडांच्या शेंड्यांवर चार पंखांचे एक लहानसे यंत्र अधांतरी थांबलेले असते आणि त्याच्या पोटाखालचा कॅमेरा सगळा गाव टिपीत असतो. हे दृश्य आता आपल्या गावांना नवे राहिलेले नाही. ते पाहून घरी परतलेल्या मुलांच्या तोंडी त्या रात्री एकच हट्ट असतो : ‘आपणही ड्रोन घेऊ या.’

असाच हट्ट खानापूर तालुक्यातील आमच्या एका वाचकाच्या घरी उठला. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत शिकणारा. काजूच्या हंगामाचे थोडे पैसे वडिलांच्या गाठीशी. मामा कुवेतला नोकरीस. नाताळला येताना तिकडून चांगलासा ड्रोन आणतो, असे त्याने कळविलेले. आईचे म्हणणे, कष्टाचे पैसे असे हवेत उडवायचे कशाला? वडिलांनी आम्हांला विचारले, ‘कोणता घ्यावा तेवढे सांगा.’ प्रश्न साधा वाटला. पण उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की, ‘कोणता’ या प्रश्नाच्या आधी दोन-तीन प्रश्न उभे आहेत आणि ते न विचारल्यामुळेच कित्येक घरांत हे यंत्र महिन्याभरात माळ्यावर जाऊन पडते. म्हणून ते उत्तर आम्ही सर्वच वाचकांपुढे मांडीत आहोत.

आकाशातून आपले घर पाहावे ही हौस काही आजची नव्हे. १८५८ साली नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसजवळ बलूनमधून जमिनीचे छायाचित्र घेतले. १८८८ साली आर्त्यूर बात्यू या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थाने पतंगाला कॅमेरा बांधला. पुढे जर्मनीतील यूलिउस नॉयब्रोनर नावाच्या औषधविक्रेत्याने कबुतराच्या छातीवर बांधता येईल असा चिमुकला कॅमेरा तयार करून १९०८ साली त्याचे पेटंट मिळविले. या तिघांत आम्हांला कबुतराची गोष्ट अधिक बोधप्रद वाटते. घरी परतण्याची विद्या कबुतराला देवाने जन्मतःच दिलेली असते. यंत्राला ती आपल्याला शिकवावी लागते. आणि त्याआधी ती आपणांस यावी लागते. पहिला ड्रोन निवडताना हे एक सूत्र मनाशी धरावे : पहिला ड्रोन डोळ्यासाठी घ्यावयाचा नसतो, हातासाठी घ्यावयाचा असतो.

प्रथम कागद, मग यंत्र

मामाच्या भेटवस्तूपासूनच आरंभ करू. आपल्या घरोघरची माणसे आखातात, इंग्लंडात, बोटीवर नोकरीला आहेत. भाच्या-पुतण्यांसाठी काही चांगले आणावे ही त्यांची माया समजण्यासारखी आहे. परंतु भारत सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसारख्या कामांपुरतीच काही संस्थांना त्यातून सूट आहे. प्रवाशाच्या पेटीतून आणलेली किंवा टपालाने पाठविलेली हौसेची वस्तू त्या सवलतीत बसत नाही. मामाने तीन महिन्यांच्या शिलकीतून घेतलेला ड्रोन विमानतळावर कस्टमच्या टेबलावरच राहावा आणि सणाच्या तोंडावर घरी चिंता यावी, यापेक्षा त्याला आधीच कळविणे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट वजनाची. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ड्रोन नियमांनी या यंत्रांचे वजनावरून वर्ग पाडले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा तो ‘नॅनो’. त्यावरचा २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’. मोठे वर्ग त्यापुढे. घरगुती हौसेचा संबंध या पहिल्या दोहोंशीच येतो. नॅनोसाठी चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही आणि तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमाही सक्तीचा नाही. मायक्रो केवळ हौसेसाठी उडविल्यास चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. परंतु यंत्राची सरकारदरबारी नोंदणी होऊन त्यास क्रमांक मिळावा लागतो, ते यंत्र सरकारमान्य नमुन्याचे असावे लागते आणि विमाही उतरवावा लागतो. लग्नाचे चित्रण करून पैसे घ्यावयाचे ठरविले की तो धंदा झाला. मग मायक्रोसाठी चालकाचे प्रमाणपत्रही हवे. त्यासाठी उमेदवार दहावी उत्तीर्ण आणि १८ ते ६५ वर्षांच्या दरम्यानचा असावा लागतो व मान्यताप्राप्त संस्थेत शिक्षण घ्यावे लागते. नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा नवशिक्याने २५० ग्रॅमच्या आत राहावे, हे उघड आहे. मात्र हे वजन उडतानाचे, म्हणजे बॅटरी आणि वर लावलेल्या प्रत्येक वस्तूसह धरतात. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला मोठी बॅटरी किंवा पंखांभोवतीची जाळी लावली की तो वरच्या वर्गात जातो, हे दुकानदार सांगेलच असे नाही.

तिसरी गोष्ट जागेची. आकाशाचेही आता शेतासारखे तुकडे पाडलेले आहेत : हिरवा, पिवळा व तांबडा. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या नकाशावर ते मोबाईलवरही पाहता येतात. हिरव्या भागात जमिनीपासून १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत परवानगीविना उडविता येते. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मोकळीक २०० फुटांवर येते आणि त्याहून जवळ परवानगीवाचून उडविताच येत नाही. गोव्यात दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर आहे आणि २०२३ च्या जानेवारीपासून पेडण्यात मोपाचा विमानतळही चालू झाला. बेळगावला सांबऱ्याचा विमानतळ आणि हवाई दलाचे केंद्र शेजारी शेजारी आहेत. ग्वाल्हेरचा विमानतळ तर हवाई दलाच्या तळावरच आहे. इंदूर, वडोदरा, हैदराबाद येथील आमच्या वाचकांनीही आपले घर नकाशात कोठे पडते ते पैसे मोजण्यापूर्वी पाहावे. घरून एकदाही उडविता येणार नसेल, तर त्या खरेदीत अर्थ नाही. जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिकेसारख्या संरक्षित वास्तूंजवळ पुरातत्त्व खात्याच्या आणि अभयारण्यांत वन खात्याच्या परवानगीवाचून ड्रोन सोडू नये. शिवाय प्रसंगपरत्वे तात्पुरती मनाईही येते. २०२५ च्या मे महिन्यात मुंबईत ती आली होती. नियम बदलतात, म्हणून खरेदीच्या आठवड्यात ते पुन्हा एकदा पाहून घ्यावेत.

यंत्र उडते कसे

या यंत्राची रचना समजली तर निवड सोपी जाते. चार कोपऱ्यांवर चार पंखे असतात. समोरासमोरचे दोन एका दिशेने आणि उरलेले दोन उलट दिशेने फिरतात. सगळे एकाच बाजूस फिरले असते, तर यंत्र स्वतःभोवतीच गिरकी घेत राहिले असते. पुढे जावयाचे झाल्यास मागचे दोन पंखे अधिक वेगाने फिरतात, शेपूट उचलली जाते व ड्रोन पुढे झुकून चालू लागतो. हा तोल आतील सूक्ष्म उपकरणे क्षणोक्षणी सांभाळतात. उंची हवेच्या दाबावरून कळते, जागा उपग्रहांच्या संदेशांवरून कळते आणि जमिनीजवळ असता पोटाखालचा लहान कॅमेरा जमिनीच्या खुणा ओळखून यंत्रास जागच्या जागी धरतो.

स्वस्त खेळण्यात आणि खऱ्या ड्रोनमध्ये फरक पडतो तो येथे. खेळण्यास उपग्रहांचा आधार नसतो. वाऱ्याच्या झुळकेबरोबर ते वाहत जाते. आधार असलेला ड्रोन हात सोडला तरी जागीच थांबतो आणि संपर्क तुटल्यास किंवा बॅटरी संपत आल्यास निघालेल्या जागी आपोआप परत येतो. परंतु येथेच कबुतराची आठवण ठेवावी. परतताना किती उंचीवरून यावयाचे ते आपणच त्यास आधी सांगावयाचे असते. गावातील सर्वांत उंच माड २५ मीटरांचा असेल आणि परतीची उंची २० मीटर लावलेली असेल, तर यंत्र आज्ञाधारकपणे त्या माडावर जाऊन आदळते. आमच्या माहितीतील एक महागडा ड्रोन पहिल्याच आठवड्यात असा माडाच्या झावळीत अडकला. पाडेकऱ्याने तो उतरविला, पण कॅमेरा निखळून विहिरीत गेला होता.

पहिला ड्रोन हातासाठी

म्हणून आमचे मत असे की, खरेदी दोन पायऱ्यांत करावी. पहिली पायरी म्हणजे पंखांभोवती पूर्ण जाळी असलेला, तळहाताएवढा, साधा ड्रोन. कॅमेरा नसला तरी चालेल. किंबहुना नसलेला बरा, कारण मग लक्ष पडद्याकडे न जाता यंत्राकडे राहते. दोन-चार हजार रुपयांत असा ड्रोन मिळतो. चर्चच्या सभागृहात, वारा नसलेल्या ठिकाणी, दोन महिने तो उडवावा. प्रथम डोळ्यांच्या उंचीवर एके ठिकाणी स्थिर धरावयास शिकावे. मग चौकोन काढावा, मग आठाचा आकडा. सर्वांत अवघड धडा असतो तो तोंड आपल्याकडे फिरविल्यानंतरचा. कारण मग डावे उजवे होते आणि उजवे डावे. मोठ्या यंत्रांचे बरेचसे अपघात या एका घोटाळ्यामुळे घडतात. तो घोटाळा स्वस्त यंत्रावर आणि दोन-तीन मोडक्या पात्यांच्या किमतीत संपून जावा.

दुसरी पायरी म्हणजे २५० ग्रॅमच्या आतील, उपग्रहांचा आधार असलेला कॅमेऱ्याचा ड्रोन. तो घेताना जाहिरातीतील आकड्यांवर भाळू नये. ‘फोर-के’ या शब्दाचा अर्थ चित्रात आडवे सुमारे ३,८४० बिंदू असणे. पुष्कळ स्वस्त यंत्रांत लहान चित्र ताणून मोठे केलेले असते; लुगड्याचा पदर ताणल्याने लुगडे वाढत नाही. त्या ड्रोनने प्रत्यक्ष घेतलेले चित्रण पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. बिंदूंच्या संख्येपेक्षा कॅमेऱ्याचा ‘गिंबल’ महत्त्वाचा. डोक्यावर घागर घेऊन चालणाऱ्या बाईचे पाऊल खालीवर होते, पण घागर हलत नाही. गिंबल कॅमेऱ्यासाठी तेच काम करतो. तीन दिशांनी तोल सांभाळणारा गिंबल असेल तर चित्र स्थिर येते. नसेल तर चित्र पाहताना डोके दुखते.

त्याखालोखाल बॅटरी. बनविणारे ३० मिनिटे म्हणतात ती शांत हवेतील. वारा असेल आणि परत येण्यापुरती शिल्लक ठेवावयाची असेल, तर २० मिनिटे धरावीत. म्हणून एका चांगल्या बॅटरीच्या जोडीला दुसरी घ्यावी. या लिथियमच्या बॅटऱ्यांना विस्तवासारखे जपावे : उडवून आल्याबरोबर गरम असता चार्ज करू नये, रात्री चार्जला लावून झोपू नये, उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही वापरू नये.

बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाविषयी प्रभूने सांगितलेले आपणांस ठाऊक आहेच. ड्रोनची किंमत म्हणजे पेटीवरची किंमत नव्हे. जादा बॅटरी, पाती, स्मृतिपत्र म्हणजे मेमरी कार्ड, आणि एखादी मोठी दुरुस्ती हे सारे तीत धरावे. पक्के बिल मिळते का, पाती व बॅटऱ्या वर्षभराने मिळतील का, दुरुस्ती कोठे होते, हे विचारावे. बिलाशिवाय स्वस्तात मिळणारे यंत्र घेऊ नये. वापरलेला मायक्रो ड्रोन घ्यावयाचा असल्यास जुनी मोटारसायकल घेताना पाहतो तसे कागद पाहावेत : नोंदणी क्रमांक आहे का आणि तो आपल्या नावावर होतो का? आणि वर्षातून एकदा फेस्ताचे चित्रण हवे एवढीच इच्छा असेल, तर कागदपत्रे नीट असलेल्या व्यावसायिकास त्या दिवसापुरते बोलावणे सर्वांत स्वस्त पडते.

उडविण्यासाठी कापणीनंतरचे मोकळे शेत आणि सकाळची वेळ उत्तम. किनाऱ्याकडे दिवस चढला की समुद्रावरचा वारा सुटतो. पावसात ही यंत्रे सोडू नयेत. सिमेंटच्या गच्चीवरून उड्डाण टाळावे. स्लॅबमधील लोखंडी सळ्यांनी यंत्राचे होकायंत्र चुकते. तळ्यावरून वा नदीवरून अगदी खालून नेऊ नये. पाण्याच्या लकाकीने पोटाखालचा कॅमेरा फसतो. घारी दिसल्या की उतरवावे. आणि ड्रोन कधीही नजरेआड जाऊ देऊ नये.

आकाशातील डोळा

आता सर्वांत शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत मोठा प्रश्न. भिंत आणि कुंपण ही जमिनीवरच्या माणसासाठी असतात. वरून पाहणाऱ्याला ती नसतात. शेजारणीचे परसदार, विहिरीवर धुणे धुणाऱ्या बाया, ओसरीवर पडलेला आजारी म्हातारा, या सर्वांचा आडोसा हे यंत्र एका क्षणात नाहीसा करते. स्त्रीचे तिच्या खाजगी क्षणी लपून चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हा आहेच. परंतु कायद्याच्या आधी शेजारधर्म येतो. कोणाच्या अंगणावरून न्यावयाचे असेल तर आधी विचारावे, आणि नको म्हटल्यास रुसू नये. चर्चच्या आवारात फादरांची परवानगी घेतल्यावाचून उडवू नये. गर्दीच्या डोक्यावरून तर मुळीच नेऊ नये. पाव किलोचे यंत्र शंभर फुटांवरून पडले तर लेकराचे डोके फुटू शकते. मिस्सा चालू असता आणि अंत्यविधीच्या वेळी ते पेटीतच असावे. भक्ताची दृष्टी वेदीवर असावी, यंत्रावर नव्हे.

मुलाच्या हाती हे यंत्र देणाऱ्या आईवडिलांनी या गोष्टी त्याच्याकडून आधी कबूल करून घ्याव्यात. ज्या मुलाला शेजाऱ्याच्या कुंपणाचा मान राखता येत नाही, त्याच्या हाती त्या कुंपणावरून पाहणारा डोळा कसा द्यावा? आईचा आक्षेप पैशांविषयी होता. आम्ही तिला एवढेच लिहिले की, धीर धरणे, हिशेब राखणे आणि दुसऱ्याची अब्रू जपणे हे तीन गुण या छंदातून मुलगा शिकणार असेल तर पैसे हवेत उडाले असे होणार नाही. आणि शिकणार नसेल तर तिचे म्हणणे खरे आहे.

त्या घरी पुढे काय झाले हे वाचकांस ऐकावेसे वाटेल. मामास वेळीच कळविण्यात आले. नाताळला त्याने खजूर आणला. मुलाला जाळीचा लहान ड्रोन मिळाला. त्याने पात्यांचे दोन संच मोडले आणि तिसरा टिकविला. बारावीची परीक्षा आटोपल्यावर वडिलांनी २५० ग्रॅमच्या आतील एक साधा पण चांगल्या गिंबलचा ड्रोन पक्क्या बिलाने घेऊन दिला. पहिल्या दिवशी त्याने तो स्वतःच्याच शेतावरून नेला आणि चित्र घरी आणून आजीला दाखविले. आजी बराच वेळ पाहत राहिली. मग बोट ठेवून म्हणाली, ‘ही वाकडी रेघ म्हणजे आपला वरचा बांध. तुझ्या आजोबांनी फणस वाचवण्यासाठी तो तिथे वळवला होता.’ फणस पडून कित्येक वर्षे झाली. घरात कोणाला त्याची आठवणही नव्हती.

१९२० साली पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी लोरेटोच्या मातेला वैमानिकांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. तिचा स्मृतिदिन १० डिसेंबरला येतो. नाझरेथचे पवित्र घर देवदूतांनी आकाशमार्गे लोरेटोला नेले, अशी तेथील परंपरा. उडणाऱ्यांची आश्रयदाती ही एका घराची माता आहे, याचा आम्हांला मोठा अर्थ वाटतो. आपल्या मुलांनी उंच जावे, दूरचे पाहावे. पण परतीची उंची आधी ठरवून, बॅटरी शिल्लक ठेवून आणि कोणाचेही अंगण न दुखविता घरी यावे.